निलेशच्या तोंडून आलेली लहानी

आधीच सांगते, आमच्या घरात असल्या गोष्टींना थाराच नव्हता. आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हापासून देव्हारा नाही, अंगात येणं नाही, नजर काढणं नाही. वर मी डॉक्टर. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच अवघडल्यासारखं होतंय... पण माझ्यासोबत शिकलेल्या निलेशने "लिही एकदाचं" म्हटलं म्हणून लिहितेय.

मी मूळची नागपूरकडच्या मोहाडीची. तेव्हा इमर्जन्सी मेडिसिनची रेसिडेन्सी चालू होती आणि विषबाधेच्या खास ट्रेनिंगसाठी आम्हाला आमच्याच भागातल्या शहापूरजवळच्या एका हॉस्पिटलात पाठवलं होतं. भाताच्या पट्ट्यात फवारणीच्या दिवसांत शिकायला केसेस कमी पडत नाहीत. ड्युटी संपली की लेक्चर, लेक्चर संपलं की ड्युटी. उभ्या उभ्या डोळा लागायचा. एकदा तर मी चहात साखरेऐवजी ओआरएस टाकलं आणि तसाच पिऊन टाकला.

आम्हाला शिकवणाऱ्या मॅडम नागपूरच्या. त्या ड्रिल घ्यायच्या. म्हणजे पलंगावर पुतळा, एक जण डॉक्टर, एक जण नातेवाईक. नातेवाइकाला स्क्रिप्ट मिळायची. त्या दिवशी डॉक्टर मी आणि पेशंटचा भाऊ निलेश. निलेश सांगलीकडचा. इथली बोली त्याला मुळीच जमायची नाही. 'काहून' म्हणजे 'का', हेसुद्धा मीच त्याला सांगितलं होतं.

स्क्रिप्ट साधी होती. शेतकरी फवारणी करून आला, घाम, उलट्या, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक. मी विचारलं, "कधी फवारलं?"

निलेशने हातातल्या कागदाची घडी घातली. मग खाली बघत म्हणाला, "फवारल्यानं नाही जी झालं. पीठ अन् औषध एकाच थैलीत आनलन त्यानं. लहानीनंबी खाल्लन रोटी. थे घरी झोपून हाये."

अस्सल आमच्याकडची बोली. 'औषध' म्हणजे आमच्याकडे फवारायचं विष, तोही शब्द बरोबर. आवाज निलेशचाच, पण दमलेल्या, घाबरलेल्या माणसाचा.

मॅडम वैतागल्या. "निलेश, स्क्रिप्ट वाचलीस का? ही लहानी कुठून आली?"

"कोण लहानी?" निलेश म्हणाला. चेहरा अगदी कोरा. आम्ही हसलो. मॅडम म्हणाल्या, "जाऊ दे, झोपा काढा जरा सगळे." विषय संपला. मलाही वाटलं, वॉर्डात ऐकलेलं काहीतरी झोपेत बरळला असेल.

पुढच्याच आठवड्यात, भर दुपारी, मोहाडीकडच्या एका खेड्यातून माणूस आणला. पस्तिशीचा. घामाने निथळत होता, तोंडाला फेस, श्वास घरघरत होता. सोबत त्याचा मोठा भाऊ.

"सकाळी धानाले फवारलन मॅडम. घरी आला, जेवला अन् पडला."

कपडे काढले, अंग धुतलं, विषावर उतारा म्हणून अ‍ॅट्रोपिन सुरू केलं. निलेश डोक्याशी, मी सलाइनपाशी. हळूहळू छाती मोकळी होऊ लागली. फवारणीची केस. रोजचीच. माझे पाय इतके दुखत होते की मला फक्त बसायचं होतं.

आणि तरीही मी त्या भावाला बाहेर नेऊन विचारलं. का विचारलं, देव जाणे... म्हणजे देव नाहीच आमच्यात, पण तुम्हाला कळलं असेल.

"दादा, औषध अन् पीठ एकाच थैलीत आणलं होतं काय?"

तो माझ्याकडे बघतच राहिला. "तुमाले कोनं सांगतलं? काल बाजारातून आला तो. एकच थैली होती... बाटली गळून राहिली होती, मी पुसली."

"त्याच पिठाची रोटी केली?"

"हो जी." मग त्याचा चेहराच उतरला. "लहानीनंबी खाल्लन."

"ती कुठं आहे?"

"थे घरी झोपून हाये. वयनीचा उपास, रोट्या टाकून थे पहाटीच शेतात निंदनाले गेली. मी जेवाच्या आधीच याले घेऊन आलो, पोरगी झोपलीच होती..."

घाईत त्याला नंबर लागेना. मी त्याच्या हातातून फोन घेतला. शेवटी त्यांच्या शेजारच्या बाईने उचलला. ती धावत गेली आणि फोनवरच रडायला लागली. पोरीचं अंग ओलंचिंब, डोळे उघडत नव्हती, तोंडातून लाळ. गावातल्या कुणीतरी तिला मोटरसायकलवर मोहाडीच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांशी मी बोलले, त्यांनी इंजेक्शन सुरू केलं आणि अँब्युलन्सने इकडे पाठवलं. आणखी थोडा वेळ गेला असता तर... असो. दोघंही वाचली. पोरगी सात वर्षांची. शुद्धीवर आल्यावर तिने सगळ्यात आधी चप्पल मागितली, एकच पायात राहिली होती.

मी मॅडमना सांगितलं. ड्रिलमधलं निलेशचं बोलणं त्यांनाही आठवत होतं. त्या म्हणाल्या, "अशा केसेस होतात गं. कुठेतरी ऐकली असेल त्याने." असेलही. पण ते पीठ आदल्या दिवशीच्या बाजारातलं होतं. आमची ड्रिल झाली तेव्हा ती थैली भरलेलीसुद्धा नव्हती.

निलेशला विचारलं तर तो म्हणाला, "मला खरंच काही आठवत नाही. मी फक्त फवारणीचंच म्हणालो होतो." त्यानंतर तो कधीही ड्रिलमध्ये नातेवाईक झाला नाही. आणि मीही आग्रह केला नाही.

आता ज्युनिअर्सच्या ड्रिल मी घेते. परवा एक मुलगी स्क्रिप्ट सोडून पेशंटच्या मामाची म्हैस, मामाचं भांडण, असलं काहीबाही बोलत सुटली. बाकीचे हसत होते, कुणीतरी "मॅडम, थांबवा ना हिला" म्हणालं. मी थांबवलं नाही. सगळं शेवटपर्यंत ऐकून घेतलं, म्हैस कुठल्या गावची तेही विचारलं.

त्यातून काहीच निघालं नाही. महिना झाला, अजून तरी नाही. का ऐकते, हे कुणाला समजावून सांगता येत नाही. मलाच कुठं कळलंय!