फुंक हवा

बेस गिटारवाल्याला बँडमध्ये सगळे खांब म्हणत. अठरा वर्षं तो स्टेजवर एकाच जागी उभा होता. बाकीचे उड्या मारत, घाम गाळत, केस होते तोवर केस झटकत. हा मात्र असा निश्चल, की एका श्रोत्याने चुकून त्याच्या खांद्याला जॅकेट अडकवलं होतं. पोटापाण्यासाठी त्याचं टायरचं दुकान होतं. गायक दातांचा डॉक्टर, त्यामुळे दुसऱ्याच्या वेदनेची त्याला सवय होती.

त्यांचं रॉक म्हणजे धाड धाड धाड. त्यात खांबाचं काम सोपं: ड्रमवाला करेल तेच करायचं, फक्त जाड आवाजात. पण हल्ली ते कुणी ऐकेना. मग डॉक्टरने ठरवलं, एकच सुटं गाणं काढायचं आणि तेही कंबर हलवणारं. शनिवारी दुपारी खांब ट्रकच्या चाकाशी झटत होता, तेव्हा मेसेज आला: 'उद्या दहाला स्टुडिओत रेकॉर्डिंग. या गाण्यात फुंक हवा. तुला न जमल्यास दुसरा माणूस बघून ठेवलाय. राग मानू नकोस.'

खांबाने तो बायकोला दाखवला. ती शाळेत भाषा शिकवायची.

"फुंक हवी, असं पाहिजे," ती म्हणाली. "फुंक स्त्रीलिंगी."

"व्याकरण राहू दे गं. अर्थ सांग."

"मग या दोन वेगळ्या वस्तू असणार. फुंक आणि हवा. मध्ये स्वल्पविराम राहिलाय. डॉक्टरच ना तो."

खांबाला हे तंतोतंत पटलं. गाण्यात हल्ली काय काय आवाज घालतात, कुणी सांगावं. आणि दुसरा माणूस म्हणजे पेट्रोल पंपाशेजारचा तो टायरवाला, यात त्याला शंकाच उरली नाही. अठरा वर्षं उभं राहायचं आणि जागा त्या टिकोजीला द्यायची?

रविवारी दहाला तो बेस गिटार आणि हवा भरायचा कॉम्प्रेसर घेऊन स्टुडिओत हजर झाला.

"हे काय आणलंस?" डॉक्टरने विचारलं.

"फुंक नि हवा. किती पाउंड पाहिजे ते बोल."

"अरे, फंक. फंक हवा. संगीताचा प्रकार आहे तो. माझं बोट घसरलं."

ड्रमवाला पोट धरून खाली बसला. खांब हसला नाही. कोपऱ्यात एक गॉगलवाले गृहस्थ बसले होते आणि त्यांच्या मांडीवर बेस गिटार होती. दुसरा माणूस खरंच होता, आणि तो टायरवाला नव्हता.

"हे फंक म्हणजे नक्की करायचं काय?" खांबाने थेट त्यांनाच विचारलं.

गृहस्थ भले होते. "पहिला ठोका दणकून द्यायचा. मग हात आवरायचा. मध्ये मोकळं सोडायचं. तुम्ही रॉकवाले जागा दिसली की भरत सुटता."

"म्हणजे टायर टणक करून ठेवतो आम्ही," खांब म्हणाला. "गाडी आपटत जाते."

"तसंच काहीसं."

"एकदा बघू द्या मला."

पहिल्या खेपेला सवयीने धाड धाडच निघालं. डॉक्टरने गॉगलवाल्यांकडे पाहिलं. दुसऱ्या खेपेला खांबाने डोळे मिटले आणि हातात हवेची नळी आहे असं मानलं. एकदम भरायची नाही. सोड, काढ, काटा बघ. सोड, काढ. काटा बघायच्या वेळी बोटं तारेवरून वर. ढुम्म. काही नाही. ढुक, ढुक. काही नाही. ड्रमवाल्याला आयुष्यात पहिल्यांदा कुणासाठी तरी थांबावं लागलं आणि थांबल्यावर तो बरा वाजवतो असं सगळ्यांच्या लक्षात आलं. गॉगलवाल्यांचा बूट जमिनीवर ताल धरू लागला. डॉक्टर खांबाकडे बघत राहिला आणि गायचंच विसरला.

"परत घेऊ," तो ओशाळून म्हणाला. "फक्त मधलं जरा रिकामं वाटतंय. थोडं भरशील?"

आजवर डॉक्टरने सांगावं आणि खांबाने भरावं, असंच चालत आलं होतं.

"नाही," खांब म्हणाला. "एवढंच पुरे."

डॉक्टरने मदतीसाठी कोपऱ्यात पाहिलं. गृहस्थ गिटार पिशवीत घालून चेन लावत होते. "त्यांचं ऐका," ते म्हणाले आणि दाराकडे निघाले.

ड्रमवाल्याने काठ्या वाजवून चार मोजले.