गेरूतलं नाव आणि चार अंजिरं

दुधात भेसळ करताना पकडला गेलेला आमच्या गावातला पहिला माणूस मीच. आणि दूध संस्थेचा चेअरमनही मीच!

दुष्काळ असा होता की दुधात घालायला पाणी होतं कुणाकडं? तरी चेअरमन झाल्या झाल्या मी नियम काढला. कॅनमध्ये दुधाशिवाय काही सापडलं, की मालकाचं नाव संस्थेच्या भिंतीवर आठ दिवस लावायचं. खडूचं नाव लोक बाहीनं पुसतात, म्हणून गेरूनं लिहायचं. (ही अक्कलही माझीच!)

त्यातच माझं पोट रुसलं. अंबाजोगाईच्या डॉक्टरांनी भजी बंद केली. "रोज सकाळी भिजवलेला सुका मेवा खा. चार अंजिरं, मूठभर मनुका. पोट साफ राहील."

अंजिरं आणली. भिजवायची कशात?

"चार दिस झालं टँकर न्हाई," बायको हंड्यावर हात ठेवून म्हणाली. "अन् अंजिराला पेलाभर पाणी? पाव्हणा हाय का त्यो?"

तीन दिवस मी घरभर येरझाऱ्या घातल्या. बसवेना, झोपवेना. चौथ्या दिवशी सकाळी ओट्यावर म्हशीच्या कोमट दुधाचा कॅन दिसला आणि डोकं चाललं. मेवा धुतल्या रुमालात बांधला, पुरचुंडी कॅनमध्ये सोडली. अर्ध्या तासात काढू, कुणाला कळतंय! तेवढ्यात पोटानं हाक दिली म्हणून रानात गेलो. (हाक खोटी निघाली.) परत येतो तर कॅन गायब. बायको दूध घालायला गेली होती!

मी धोतर सावरत पळालो. संस्थेत सचिव कॅन मापात ओतत होते.

"थांबा! ओतू नका!"

"कावून?"

बदक्! पुरचुंडी मापात. मागं रांगेत उभ्या कोंडिबानं ती उचलून सोडली.

"आरं, अंजिरं! चेअरमन, लई भारी भेसळ हाय की ही! आमाला बी शिकवा!"

रांग हसून हसून वाकली. बायकोनं पदरात तोंड लपवलं. सचिवांनी अदबीनं गेरूचा डबा पुढं केला.

"सायेब, तुमचं नाव आमी कसं लिवावं? तुमीच लिवा."

लिहिलं. लाज इतकी वाटली की घाईघाईत अक्षर ठरवल्यापेक्षा मोठं आलं.

आठ दिवस संपले, पण नाव जाईना. गेरू कोरड्या फडक्यानं निघत नाही आणि गावात पाण्याचा थेंब नाही. येणारा जाणारा वाचायचा. मी संस्थेत मागच्या दारानं जाऊ लागलो.

अखेर टँकर आला. बायकोनं मोजून एक पेला हातात दिला.

"नाव पुसा, न्हाईतर अंजिरं भिजवा. दुसरा मिळायचा न्हाई."

पेला घेऊन मी उंबऱ्यात आत-बाहेर, आत-बाहेर केलं. एकीकडं गावातली इज्जत, दुसरीकडं पंधरा दिवसांचं पोट.

पुढं पाऊस होईपर्यंत माझं नाव भिंतीवर होतं. पोट मात्र दुसऱ्याच दिवशी साफ झालं!