शिलेदार गावात शिरतो

काय सांगू, माझ्या कादंबरीतला खलनायक मरायचा राहिला, आणि त्यात चूक सगळी माझीच.

मी नवी पेठेत कापडाच्या दुकानात कामाला. इतिहास शाळेत शिकलो तेवढाच. पण वीस वर्षं काऊबॉयचे सिनेमे बघतोय आणि प्रत्येकाची वहीत नोंद ठेवतोय. तो अफाट माळ, तो एकटा स्वार, ती शांतता! अजूनही बघताना हात आपोआप जोडले जातात. वाटलं, माळ तर आपल्याकडंही आहे. पेशवाईतल्या धनगर शिलेदारावर कादंबरी लिहायला घेतली. तीन वर्षांत चाळीस प्रकरणं झाली.

छापायला देण्याआधी जाणत्या माणसाला ऐकवावी म्हणून मैंदर्गीला बिराप्पामामांकडं गेलो. मामांचं आयुष्य मेंढरांमागं गेलेलं. शेजारी मामी लोकर निवडत बसल्या होत्या.

पाचवं प्रकरण वाचलं. वैशाखातली टळटळीत दुपार. बापाला मारणाऱ्या पाटलाचा सूड घ्यायला नायक घोड्यावरून गावात शिरतो. तोंडात गवताची काडी. बोलत नाही. त्याला बघून एकेक दार बंद होतं.

"दारं का लावली?" मामांनी विचारलं.

"भीतीनं."

"वैशाखात बाराला दारं बंदच असत्यात की. भ्यायचं काय त्यात?"

"आन् घोडा मोकळा कसा?" मामी म्हणाल्या. "पाठीवरचं बिऱ्हाड कुटं हाय? कोंबड्या, कोकरं?"

"तो एकटाच आहे, मामी."

"म्हंजे घोडा ह्यानं आणला आन् बायकू बिऱ्हाड डोक्यावर घिऊन चालली आसंल. लई वंगाळ मानूस."

"बोलत का न्हाय त्यो?" मामा म्हणाले.

"स्वभाव आहे."

"दाढ दुखत आसंल. पानी तरी दिलं का पाटलानं?"

"मामा, पाटील त्याचा वैरी आहे."

"आसंल की. उनाचं दारात आलं तर वैऱ्याला बी गूळ-पानी देत्यात. न्हाय दिलं तर त्यो पाटील कसला?"

मी थक्क झालो. वीस वर्षं मी टोपी किती तिरकी होती ते लिहीत होतो, आणि या दोघांनी बसल्या जागी अख्खा काळ उभा केला. तिथंच पेन काढून लिहिलं: पाटलानं गूळ-पाणी दिलं, नायक प्याला.

घरी येऊन सहाव्या प्रकरणात नायक तलवार उपसतो तिथं अडखळलो. मामांना फोन लावला.

"मामा, आता पाटलाला मारायला हरकत नाही ना?"



"त्याच्या घरचं पानी पिलाय न्हवं? आता कसं मारता?"

पुढची पस्तीस प्रकरणं लढायांची, लिहून तयार आहेत. आणि माझा शूर शिलेदार पाटलाच्या ओसरीवर ऊन उतरायची वाट बघत बसलाय.