शनी बघायचा आरसा

फुलपाड्यात राहायला आलो तेव्हा घरात पाण्याचे दोन निळे ड्रम होते. एक मोरीत आणि एक गॅलरीत. नळाला पाणी एक दिवसाआड, तेही त्याच्या मर्जीने, त्यामुळे ड्रम म्हणजे घरची लक्ष्मीच. त्यातला गॅलरीतला ड्रम आमच्या ह्यांनी बळकावला, कशासाठी, तर दुर्बिणीचा आरसा घासायला!

चोरबाजारातून जहाजाच्या खिडकीच्या जाड काचेच्या दोन चकत्या आणल्या. एक ड्रमावर पक्की बसवली, वर ओली वाळूसारखी पूड आणि तिच्यावर दुसरी चकती. ती मागेपुढे घासायची, घासता घासता ड्रमाभोवती हळूहळू फिरायचं. असं महिनोन् महिने केलं की वरच्या काचेला खळगा पडतो, तोच आरसा. ड्रम भरलेला असला तरच हलत नाही. मी भांड्यांसाठी चार तांबे काढले की हे ओरडायचे, "अगं, डगमगतोय!" मी म्हणायची, "मग भांडी तुमच्या काचेनेच घासू का?"

घासताना तोंड चालूच. इटलीतल्या एका मास्तरांनी हातभर नळीतून शनी पाहिला, तर त्यांना त्याला दोन कान दिसले. काही वर्षांनी बघतात तो कान गायब! बिचारे चक्रावले. ती कडी आहे हे पुढे दुसऱ्यानेच ओळखलं. जयपूरच्या राजाने तर काच न वापरता दगडविटांच्या वेधशाळा बांधल्या, इमारतीएवढ्या उंच जिन्यांच्या. आणि इंग्लंडात एक वाजंत्री होता, तो घरातच आरसे घासायचा. हात काढला तर काच बिघडेल, म्हणून बहीण त्याला घास भरवायची. हे सांगून माझ्याकडे आशेने बघितलं. म्हटलं, "वाट बघा. पोळ्या झाकून ठेवल्यात, हात धुवा आणि या."

सासूबाई हे सगळं दारातून बघायच्या. मूळच्या रत्नागिरीकडच्या, बोलणं कमी. दर शनिवारी मारुतीला आणि शेजारच्या शनीला तेल घालून यायच्या. शनीसमोर कधी उभ्या राहायच्या नाहीत, नेहमी बाजूने हात जोडायच्या. त्याची नजर थेट अंगावर घ्यायची नसते. ह्यांचा धाकटा भाऊ ऐन तारुण्यात काविळीने गेला, तेव्हा त्याची साडेसाती चालू होती. शनीने माझं पोर नेलं, हे त्या इतक्या शांतपणे सांगायच्या की ऐकणाऱ्याला पुढे काही विचारवत नसे. आता थोरल्याच्या साडेसातीचा त्यांनी धसका घेतला होता.

पुढे घासणं संपून चकाकी आणायचं काम आलं. त्याला खालच्या चकतीवर काळ्या डांबराचा थर आणि वर लाल पूड लागते, अगदी शेंदरासारखी. एका शनिवारी हे दुकानात गेले होते. मी गॅलरीत जाते तो काय! काळ्या गोल चकतीवर लाल पूड, तिच्यावर जास्वंदीचं फूल आणि चांगलं पळीभर तेल. सासूबाई हात जोडून उभ्या, अर्थातच बाजूला. "गो, मला वाटलं नव्हतं हो," त्या म्हणाल्या. "एवढे दिवस कुणाला न सांगता प्रदक्षिणा घालतोय. देवधर्म न मानणारा माझा मुलगा!"

मला हसू आवरेना. हे परत आले तेव्हा त्यांना मात्र रडू यायचं बाकी. सगळं डांबर खरवडून नव्याने ओतावं लागणार होतं. त्या भरात बोलून गेले, "आई, प्रदक्षिणा कसल्या? हा आरसा शनी बघायलाच करतोय!"

सासूबाईंचा चेहरा पांढराफटक पडला. "एकाला नेलं त्याने. आता तू होऊन त्याच्या डोळ्याला डोळा लावणार?" त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. मला ह्यांचा राग आला आणि सासूबाईंची कीवही आली. रात्री हे म्हणाले, "तिला एकदा दाखवायचाय गं. तो कुणाला नेत-बित नाही, हे तिने स्वतःच्या डोळ्यांनी बघायला हवं. त्याशिवाय तिची भीती जायची नाही." तेव्हा मला कळलं, एवढी काच कुणासाठी घासली जातेय.

दुर्बीण उभी राहिली ती बोअरवेलच्या पाइपात. गच्चीवर अख्खी बिल्डिंग चंद्र बघून गेली. सासूबाई वर आल्याच नाहीत. ह्यांनी समजावलं, चिडून पाहिलं, अबोला धरला. दगडावर डोकं आपटल्यासारखं. शेवटी एकदा डोळा लावताना माझ्याच लक्षात आलं आणि खाली जाऊन त्यांना म्हटलं, "आई, ह्यात शनीकडे तोंड करावंच लागत नाही. नळीच्या बाजूला भोक आहे, तिथून बघायचं. आणि दिसतं ते आरशातलं."

"बाजूने?" त्यांनी दोनदा विचारलं. मग पदर खोचला.

फेब्रुवारी होता. दिवेलागण होऊन गेलेली आणि भारनियमनाने अख्खा फुलपाडा अंधारात. ह्यांनी नेम धरला, मी सासूबाईंना पाटावर उभं केलं. त्यांनी आधी नमस्कार केला, मग डोळा लावला.

"एवढास्सा?" त्या म्हणाल्या. "गो, हा तर बाळलेण्यासारखा आहे. आणि सरकतोय बघ, थांबतसुद्धा नाही. ह्याने कसं नेलं असेल माझं पोर?"

"तेच तर सांगतोय आई!" हे खूष झाले. "त्याचा काही संबंधच नाही. तो बिचारा आपल्या वाटेने चाललाय."

सासूबाई पाटावरून उतरल्या आणि टाकीच्या कट्ट्यावर बसल्या. "मग मीच नेलं म्हण," त्या म्हणाल्या. "कावीळ उतरवून घेत बसले, पाला बांधत बसले. तो म्हणत होता, आई, दवाखान्यात नेऊया. मी म्हटलं, साडेसाती आहे, शनिवार जाऊ दे."

काय करून बसला हा शहाणा माणूस! म्हातारीने इतकी वर्षं ज्याला धरून दिवस काढले, तोच हातातून काढून घेतला. आता दुर्बीण गुंडाळून त्यांना खाली न्यावं असं वाटलं.

पण हे त्यांच्यासमोर खाली बसले, थेट फरशीवर. "आई, मीही घरातच होतो," म्हणाले. "चांगला कमावता घोडा. रिक्षा आणायला मला कुणी अडवलं नव्हतं. मला कळत होतं, तरी गप्प बसलो." हे त्यांनी मलाही कधी सांगितलं नव्हतं.

सासूबाईंनी त्यांचं तोंड दोन्ही हातांनी वर केलं आणि अंधारात निरखून पाहिलं, अगदी समोरून.

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीस, मेल्या?" त्या म्हणाल्या. "दोघं मिळून रडलो असतो."