भाऊजींचा चिरका सूर

जॅझ नावाचं संगीत खऱ्या अर्थाने कळलेला माणूस साऱ्या भंडारा जिल्ह्यात एकच, आणि तो माझ्या थोरल्या बहिणीच्या वाट्याला आला, असं आमच्या घरात सगळे मानत. जॅझ म्हणजे काय हे आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नसल्यामुळे या मताला कधी विरोध झाला नाही. भाऊजी तरुणपणी मुंबईच्या एका हॉटेलात वायरमन होते. तिथे संध्याकाळी बँड वाजे आणि त्या हॉलमधले दिवे नेमके तेव्हाच दुरुस्तीला येत. वडील गेल्यावर ते धानाची शेती सांभाळायला लाखनीला परतले, ते एक ग्रामोफोन आणि चौदा तबकड्या घेऊन. लग्न होऊन आलेल्या बहिणीला त्यांनी आधी तबकड्यांची ओळख करून दिली, मग सासूची.

जॅझ त्यांना कुठेही सापडे. हायवेवरच्या ट्रकच्या हॉर्नला ते दाद देत. रोवणीच्या बाया गाऊ लागल्या, की एकीची ओळ दुसरी कशी मध्येच उचलते ते ऐकत बांधावर उभे राहत, आणि रोपांची जुडी हातातच राही. एकदा बायांनाच ऐकवावं म्हणून त्यांनी ग्रामोफोन बांधावर नेला. दोन तबकड्या शांतपणे ऐकून त्यांतली म्हातारी म्हणाली, "भाऊ, याले ताप चढला काय?" भाऊजी हे कौतुक म्हणून आठवडाभर सांगत होते.

त्या चौदांत एक तबकडी म्हणजे त्यांचं दैवत. एकोणीसशे पन्नासच्या सुमाराला मुंबईतच भरलेली, पण वेष्टन हरवलेलं, वाजवणाऱ्यांची नावं कुठेच नाहीत. तिच्या मध्यावर क्लॅरिनेट उंच चढतं आणि एकदम चिरकतं. त्या जागी भाऊजी हात वर करून घरातलं सगळं बोलणं थांबवत. माणसाचं सारं दुःख त्या एका सुरात आहे, असं त्यांचं म्हणणं. वाजवणारा अमेरिकनच असणार, याबद्दल त्यांना शंका नव्हती.

मी तेव्हा भंडाऱ्याला मास्तर होतो. माझ्या शेजारी एक गोव्याकडचे म्हातारे गृहस्थ राहायला आले. त्यांची मुलगी दवाखान्यात नर्स होती. बोलता बोलता कळलं, की ते मुंबईच्या बँडांमध्ये क्लॅरिनेट वाजवत. मी हे भाऊजींना सांगितलं आणि माझे रविवार संपले. दर रविवारी ते पहिल्या एस.टी.ने येत, तबकड्या गोधडीत गुंडाळून मांडीवर घेऊन, प्रत्येक खड्ड्याला त्यांना छातीशी धरत. एकदा कंडक्टरने लेकरू आजारी आहे समजून त्यांना पुढची जागा दिली, आणि भाऊजींनी ती निमूटपणे घेतली. मग शेजारच्या ओट्यावर, मी शाळेतून मागून आणलेल्या ग्रामोफोनवर, दुपारपर्यंत मैफल. म्हातारे वादकांच्या आठवणी सांगत, आणि त्यांतला कोण कोणत्या दिव्याखाली बसे ते भाऊजी सांगत.

दैवत भाऊजींनी महिनाभर राखून ठेवलं होतं. अखेर लावलं. ऐकता ऐकता म्हातारे ताठ बसले. चिरका सूर आला, भाऊजींचा हात वर गेला, आणि म्हातारे हळूच म्हणाले, "हा मी. इथे चुकलो. रीड चिरली होती, आणि पुन्हा भरायला वेळ नव्हता."

रीड म्हणजे फुंकायची वेताची पट्टी, एवढं भाऊजींना ठाऊक होतं.  ते तबकड्या बांधून निघून गेले आणि पुढचे तीन रविवार आलेच नाहीत. ग्रामोफोन बंद आहे, जेवणावर लक्ष नाही, असा बहिणीचा निरोप आला. आपण खोटं बोललो असं भाऊजींना वाटलं का, असं म्हातारे मला पुन्हा पुन्हा विचारत.

चौथ्या रविवारी भाऊजी आले. ती तबकडी काढून त्यांनी म्हाताऱ्यांपुढे पेन धरलं. म्हणाले, "तुमचं नाव लिवा यावर. चूक असन, पण वीस वर्षं मी त्याच चुकीवर जगून राहिलो."

म्हाताऱ्यांनी तबकडी गुडघ्यावर ठेवून सही केली. नाव तिरकं आलं.

पुढे पाच वर्षं रविवार सुखात गेले. मग म्हाताऱ्यांच्या मुलीची बदली झाली. निघताना कळलं, की म्हाताऱ्यांपाशी स्वतःच्या वाजवण्याची एकही तबकडी नव्हती. भाऊजींनी आपली ती तबकडी त्यांच्या हातात ठेवली. आधी कॅसेटवर उतरवून घेऊ, असं मी म्हणालो, तर म्हणाले, "राहू दे. मले पाठ हाये."

म्हाताऱ्यांची पत्रं दोन वर्षं येत होती, मग थांबली. भाऊजी तरीही अधूनमधून रविवारी भंडाऱ्याला येत, रिकाम्या हातांनी. माझ्याकडे चहा घेऊन शेजारच्या नव्या भाडेकरूंच्या ओट्यावर, त्यांना काहीही न सांगता, तासभर बसत. मग चारच्या गाडीने, पोटभर गप्पा झाल्यासारखे, परत जात.