दूध तपासणाऱ्याचा जबाब

एका दुष्काळी उन्हाळ्यात फौजदार म्हणून घेतलेला एक जबाब निवृत्तीनंतरही माझ्या डोक्यातून गेलेला नाही.

गेवराई तालुक्यातल्या एका गावात सहकारी दूध संस्थेचं संकलन केंद्र होतं. एका सकाळी तिथून रतिबाचं दूध नेलेल्या चार घरांत उलट्या सुरू झाल्या. दोन वर्षांची एक मुलगी बेशुद्ध पडली, तिला बीडला हलवलं. मी केंद्रावर पोहोचलो तेव्हा टाकीतल्या दुधाला फवारणीच्या औषधाचा इतका उग्र वास होता, की हवालदारानं नाकाला रुमाल लावला. पंचनामा केला, नमुने सील केले. घरोघरी चहा-साखरेत तो दबला असेल, पण दूध तपासणाऱ्याला आला कसा नाही, हे मात्र कळेना.

तपासणारा चाळिशीचा होता. लहानपणी पोलिओनं दोन्ही पाय अधू झालेले. मागे दोन जादा चाकं लावलेल्या स्कूटरवरून तो यायचा. प्रत्येक कॅनचं झाकण काढून दूध हुंगायचं आणि मगच ते टाकीत ओतू द्यायचं, हे त्याचं काम.

दुपारी संस्थेचे चेअरमन ठाण्यात आले आणि दार लोटून बसले.

"साहेब, त्यानं मुद्दाम केलंय. दोन वर्सांमागं माझ्या जीपची त्याच्या स्कूटरला धडक झालती, तो राग हाय. आन् त्याची बायको रोज केंद्रावर येऊन बसती. आजच बरी आली न्हाई!"

न बोलावता माहिती द्यायला येणाऱ्यावर मी आधी संशय घेतो. पण बायकोची गोष्ट खरी निघाली. चहाचं निमित्त करून रोज येणारी बाई नेमकी त्याच दिवशी आली नव्हती.

मी तपासणाऱ्याला समोर बसवलं.

"दूध हुंगलं होतंस?"

"हुंगलं साहेब."

"वास?"

"काय बी आला न्हाई."

"बायको कुठे होती?"

"टँकर लवकर आलता. पान्याच्या लायनीत हुती."

तो माझी नजर चुकवत होता. हा खोटं बोलतोय, याबद्दल मला शंका उरली नाही.

एवढ्यात हवालदारानं चहा आणला. मी पहिलाच घोट थुंकला. स्टोव्हचं रॉकेल चहात गेलं होतं. हवालदारावर ओरडणार, तोच समोर लक्ष गेलं. त्या माणसानं कप रिकामा करून शांतपणे खाली ठेवला होता.

मी स्टोव्ह पुसायचं फडकं मागवलं. त्याला डोळे मिटायला लावले आणि फडकं नाकाशी धरलं.

"काय आहे हे?"

त्याच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी आलं.

"साहेब, मला कसलाच वास येत न्हाई. त्या धडकेत डोकं मैलाच्या दगडावर आदळलं, तवापासनं. बायको हुंगायची आन् मला खुणवायची."

"मग सांगितलं का नाहीस?"

"पाय न्हाईत. ह्यो खांदा बी तवापासनं वर जात न्हाई. नाक बी गेलंय म्हनलं, तर मला कामाला कोन ठेवतंय?"

डॉक्टरांनी तपासून त्याच्या म्हणण्याला दुजोरा दिला. दुसऱ्या दिवशी आम्ही दूध घालणाऱ्यांच्या घरोघरी जाऊन कॅन हुंगले. एका म्हाताऱ्याकडे तो वास सापडला. त्याच्या नेहमीच्या कॅनमध्ये टँकरचं पाणी साठवलेलं होतं, म्हणून त्यानं शेजारच्या गोठ्यातला प्लास्टिकचा कॅन घेतला होता. त्यात पूर्वी औषध होतं.

"धुतला नाही?" मी विचारलं.

"धुवायला पानी कुठं हाय साहेब?"

मुलगी वाचली. घातपाताचा संशय संपला. चेअरमननी मात्र तपासणाऱ्याला त्याच आठवड्यात कामावरून काढलं.

मग मी त्या धडकेचा जुना कागद काढला. 'किरकोळ दुखापत. आपसात मिटले.' खाली सही माझी होती; मी ते विसरूनही गेलो होतो.

गंभीर दुखापतीचं कलम पुन्हा वाचलं. त्यात डोळा आहे, कान आहे, दातही आहे. वास नाही. पण सांधा निकामी होणं आहे, आणि त्याचा खांदा मी कधी पाहिलाच नव्हता. हाड मोडलं नव्हतं आणि चेअरमन माझ्यासमोर खुर्चीत बसले होते, म्हणून तेव्हा मी 'किरकोळ' लिहून मोकळा झालो होतो.

खांद्याचा दाखला जोडून मी ते प्रकरण पुन्हा उघडायला वरिष्ठांकडे पाठवलं. हे सांगायला त्याच्या घरी गेलो, तर त्याची बायको दारातच म्हणाली, "तवाच लिवायचं हुतं, साहेब."

तेव्हापासून अपघातातल्या प्रत्येक जखमी माणसाला मी दोन महिन्यांनी पुन्हा बोलावू लागलो. झोप लागते का, चव कळते का, हात वर जातो का, हे विचारू लागलो. ठाण्यातली माणसं हसायची. संशय घेणं हा माझा पेशाच होता. स्वतःच्या सहीवर संशय घ्यायला मात्र मी दोन वर्षं उशीर केला.