मुकुंदाचं रॉकेट आणि माझे कान

मुकुंदाला एक वाईट खोड होती, चारचौघांत माझी स्तुती करायची. लाखनीला बसची वाट पाहतानाही अनोळखी माणसाला सांगायचा, "हा मास्तर माह्यापेक्षा हुशार आहे जी." मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. नागपूरला एम.एस्सी.त माझे मार्क जास्त होते, हे खरं. पण तो केरळात रॉकेटच्या तळावर शास्त्रज्ञ झाला आणि मी आसगावात आठवीला चुंबक शिकवत राहिलो.

सुट्टीत यायचा तो चुरगळलेल्या सदऱ्यात. मिरवला असता तर मी त्याला सुखाने शिव्या घातल्या असत्या. तो मात्र माझ्याच ओसरीवर मांडी घालून सगळं समजावायचा. त्याचं रॉकेट चंद्राबिंद्रावर जाणारं नव्हतं. वर जायचं आणि दहा-पंधरा मिनिटांत समुद्रात पडायचं. तेवढ्यात त्यातून इलेक्ट्रॉनांचा झोत सोडायचा आणि त्याने उठलेल्या रेडिओलहरी जमिनीपर्यंत पोचतात का, ते पाहायचं.

एका दिवाळीत त्याने स्वतः जोडलेले दोन रिसीव्हर आणले. एक सानगडीला मावसभावाकडे ठेवला, दुसरा मला दिला. "तुह्या तळ्याकडच्या धानाच्या बांध्यांत अजून इजेचे खांब नाही. तिथं तार ताणून ऐकजो. खांबाजवळ नुसती घरघर येते."

उड्डाणाची वेळ टेलिग्रामने कळली. त्या संध्याकाळी मी शेताकडे गेलोच नाही, ओसरीवर सुपारी कातरत बसलो. नाव त्याचं होणार, आणि शेताच्या धुऱ्यावर कान लावून मी बसू? नुसता जळफळाट. दुसऱ्या दिवशी कार्ड टाकलं, 'काहीच ऐकू आलं नाही.'

उन्हाळ्यात तो आला. सानगडीच्या मावसभावाने आवाज ऐकला होता, शिट्टीसारखा, अगदी वेळेवर.

"मंग?" मी विचारलं.

"मंग काय, त्याची नोंद खोडली. साहेब म्हणे, दोघांतला एक चुकला. मी म्हटलं, माहा मास्तर चुकत नाही. आता ते काम बंद होऊन राहिलं."

तो शांतपणे पोहे खात होता. "पुढच्या बारीले जमलं तर तूच बसजो बे. दुसऱ्यावर माहा भरोसा नाही."

मी हो म्हणालो. तीन वर्षांनी मुकुंदा काविळीने गेला. तोवर चार वेळा आम्ही एकत्र जेवलो, आणि एकदाही मी त्याला सांगितलं नाही.